मस्तानीची प्रार्थना कोण लिहिणार?

२०२५च्या जानेवारीत ‘छावा’ची झलक प्रसिद्ध झाली आणि संभाजीराजे व येसूबाई लेझीम खेळताना दिसले म्हणून गदारोळ उठला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळण्याचे जाहीर केले, फेब्रुवारीत चित्रपट लागला, तुफान चालला, वाद मिटला. २०१५च्या अखेरीस ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’वरून हेच घडले होते. बाजीरावांच्या पत्नी काशीबाई नाचतील का, मस्तानीबरोबर नाचतील का, पेशव्यांच्या घरची सून असे लुगडे नेसेल का, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. १८ डिसेंबरला कोथरूडमध्ये निदर्शनांमुळे सुरुवातीचे खेळ रद्द करावे लागले. दोन्ही वेळी महाराष्ट्राने एकच प्रश्न विचारला: आमची थोर माणसे नाचली होती का?

मला या प्रश्नाचा संताप येतो, कारण बाजीराव-मस्तानीच्या गोष्टीत विचारण्यासारखे इतके काही असताना आपण नेमके हे विचारतो. ही गोष्ट नाचाची नाही. एका पुरुषाची सगळी उमर घोड्यावर गेली. त्याने वेगळ्या श्रद्धेत वाढलेल्या एका बाईवर प्रेम केले. त्याच्या घराने, त्याच्या जातीने आणि त्याच्या भटभिक्षुकांनी ते मान्य केले नाही. रणांगणावर त्याला कोणी अडवू शकले नाही, घरात मात्र सगळ्यांनी अडवले. मराठी ऐतिहासिक कलेला यापेक्षा मोठा विषय मिळालेला नाही, आणि याच विषयाला तिने सर्वांत भित्रेपणाने हात लावला आहे. आपल्या कादंबऱ्यांनी, मालिकांनी, चित्रपटांनी मस्तानीला सौंदर्य दिले, गळा दिला, घुंगरू दिले, अलीकडे तलवारही दिली. श्रद्धा मात्र दिली नाही.

ऐतिहासिक चित्रपटांच्या ताज्या लाटेबद्दल फार बोलावे असे काही नाही. ‘फर्जंद’ (२०१८) ते ‘सुभेदार’ (२०२३) या मालिकेने मराठी प्रेक्षक चित्रपटगृहात परत आणला, ते तिचे श्रेय. पण तिच्या स्त्रिया औक्षण करण्यापुरत्या उंबऱ्यावर येतात. आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ (२०१९) सदाशिवरावभाऊ आणि पार्वतीबाईंच्या संसारात गुंतला आणि मस्तानीचा मुलगा समोर उभा असताना त्याच्याकडे पाहायचे विसरला. हिंदी वाहिन्यांवरच्या बाजीराव आणि काशीबाईंच्या मालिकांनी दागिने उत्तम दाखवले.

याआधीच्या पिढ्यांची खोड आणखी वेगळी होती. जिथे प्रेम नव्हते तिथे त्यांनी ते रचले. संभाजीराजांच्या नावावर थोरातांची कमळा आली, १९४१ साली भालजी पेंढारकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. वा. सी. बेंद्रे यांचे संभाजीचरित्र १९६०मध्ये आले आणि अशा कथांचा पाया ढासळला, तरी मराठी मनाला त्या बरीच वर्षे गोड लागत राहिल्या. याच मनाने जिथे प्रेम खरोखर होते, ज्याचा धागा दप्तरात सापडतो, ज्याची कबर पाबळला आहे, त्या प्रेमाला इतके धुतले की त्याचा रंगच गेला. रचलेल्या प्रेमात धर्माची अडचण नव्हती, इथे होती. फरक एवढाच.

युद्धाचा हिशेब मांडला म्हणजे या गोष्टीचा कणा दिसतो. १७२८च्या फेब्रुवारीत पालखेडला निजामाची कोंडी झाली. १७२९च्या मार्चमध्ये महंमदखान बंगशाने घेरलेल्या छत्रसालाच्या मदतीला बाजीराव बुंदेलखंडात धावले आणि तिथून मस्तानी त्यांच्या आयुष्यात आली. १० जानेवारी १७३०ला शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, २२ जानेवारी १७३२ला वास्तुशांत झाली. १७३४मध्ये मस्तानीला मुलगा झाला. १७३७मध्ये पेशव्यांची फौज दिल्लीच्या वेशीवर होती आणि वर्ष संपता संपता भोपाळला निजाम पुन्हा अडकला. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्याच वर्षाच्या शेवटी बाजीराव निजामाच्या मुलावर, नासिरजंगावर, निघाले आणि इकडे पुण्यात त्यांच्याच घरच्यांनी मस्तानीला अटकेत टाकले. बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव यांच्या मुंजीची तयारी सुरू होती. मस्तानी पेशव्यांजवळ असेल तर कार्याला हात लावणार नाही, अशी ब्रह्मवृंदाची भूमिका होती. नासिरजंगाशी तह करून बाजीराव नर्मदेकडे गेले ते परत आलेच नाहीत. २८ एप्रिल १७४०ला रावेरखेडीच्या छावणीत त्यांनी प्राण सोडला. मस्तानीही थोड्याच अवधीत गेली.

या तारखा एका ओळीत ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते आणि आपल्या एकाही कलावंताने ती नीट हाताळलेली नाही. हे प्रेम युद्धात जन्मले आणि युद्धाच्याच आधाराने जगले. मस्तानी पेशव्यांबरोबर स्वारीत असे, रिकिबीला रिकीब लावून दौडत असे, असे परंपरा सांगते. ते खरे असेल तर छावणी हेच त्या दोघांचे घर होते. मराठ्यांच्या फौजेत पठाण होते, दक्षिणी मुसलमान होते, राजपूत होते, नाना जातींचे शिलेदार आणि बारगीर होते. तिथे कोण कुठल्या दिशेला तोंड करून प्रार्थना करतो, याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. कूच, मुक्काम, चारा, दाणा, शत्रूची बातमी यांत छावणीचा दिवस जाई. सोवळेओवळे वाड्यात होते, पंगत वाड्यात होती, मुंज वाड्यात होती. म्हणजे या प्रेमाला मोकळीक मिळाली ती लढाईत, आणि बंदी आली ती शांततेत.

आपले चित्रपट हे नेमके उलटे दाखवतात. त्यांच्यात लढाई ही विरहाची वेळ असते. नायक रणात, नायिका गवाक्षात, मध्ये एक गाणे. ‘बाजीराव मस्तानी’ची सुरुवात यापेक्षा चांगली आहे. संजय लीला भन्साळींनी मस्तानीला चिलखतात आणले, बंगशाविरुद्ध बाजीरावांच्या खांद्याला खांदा लावून लढवले आणि मला वाटले, आता काहीतरी वेगळे घडणार. पण ती पुण्याला आली आणि चित्रपटाने तिला आईना महालात नेऊन उभे केले. पुढे शेकडो आरशांत ती दिसते, तिच्या मनात कुठेच जाता येत नाही. भन्साळींच्या बाजूने एक गोष्ट मोकळेपणाने म्हणायला हवी: घराचे क्रौर्य त्यांनी लपवले नाही. तन्वी आझमींनी साकारलेल्या बाजीरावांच्या आई राधाबाई पाहताना अंगावर काटा येतो. राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्याकडे आला तो रास्तच होता. त्या बाईच्या कठोरपणामागे धर्म बुडेल ही खरी भीती आहे, आणि ती आझमींच्या नजरेत दिसते. एका श्रद्धेचे असे खरे चित्र ज्याला काढता आले, त्याला दुसरीचे काढता आले नाही, हेच मला बोचते. मस्तानीच्या वाट्याला हिरव्या आणि भगव्या रंगांवरचा एक गाजलेला संवाद येतो. टाळ्या मिळवणारा, सर्वांना पटणारा संवाद. श्रद्धा संवादात सांगून होत नाही. ती दिवसात दिसावी लागते: पहाटे, आजारपणात, मूल तापाने फणफणले असताना, नवरा मोहिमेवर असताना.

याच्या शेजारी गोवारीकरांचा ‘जोधा अकबर’ (२००८) ठेवून पाहा. तिथे हिंदू राजकन्या मुघलाच्या घरी जाण्याआधी अट घालते: मी धर्म बदलणार नाही आणि किल्ल्यात माझे देऊळ असेल. सम्राट ती मान्य करतो. आग्र्याच्या किल्ल्यात देव बसतो, भजन होते, त्या स्वरांनी अकबर ओढला जातो, आणि प्रेक्षक गहिवरतो. मीही गहिवरलो. प्रसंग सुंदर आहे, कारण त्यात माणूस आपली श्रद्धा सोबत घेऊन प्रेमात उतरतो. आता हाच प्रसंग उलटा करा. शनिवारवाड्यात मस्तानी आपल्या पद्धतीने प्रार्थना करते आहे आणि पहिला बाजीराव दाराशी थांबून ऐकतो आहे. असा प्रसंग एकाही मराठी किंवा हिंदी कलाकृतीत माझ्या मनावर ठसलेला नाही. मुघलाच्या किल्ल्यात मुरलीधर चालतो, पेशव्याच्या वाड्यात दुसरी प्रार्थना चालत नाही. हा भेद इतिहासाने केलेला नाही, आपण केला आहे.

ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’कडे मी आदराने जातो. १९७२मध्ये आलेली ही कादंबरी अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतून अजून उठून जाते, भन्साळींनी तिच्यावरच चित्रपट उभा केला आणि मराठी वाचकाच्या मनातली मस्तानी आजही बव्हंशी इनामदारांचीच आहे. त्याआधी मस्तानी म्हणजे बदफैलीपणाची कुजबुज होती. इनामदारांनी तिला प्रतिष्ठा दिली. घर माणसाला कसे कोंडते हे त्यांना कळले होते. आई, भाऊ, मुलगा, बायको यांतले कोणीही दुष्ट नाही, तरी सगळे मिळून एका माणसाचा श्वास अडवतात, ही त्यांची समज पक्की आहे. पण ही कादंबरी बाजीरावाची आहे. मस्तानी तिथे त्याच्या व्यथेचे कारण होऊन वावरते. पुस्तक मिटल्यावर तिचे सोसणे लक्षात राहते, तिची श्रद्धा लक्षात राहत नाही. वाचकाने तिला स्वीकारावे म्हणून तिच्या अंगावरचे परकेपण अलगद उतरवून ठेवले आहे. ती प्रेमळ, सोशिक, कलावती, एकनिष्ठ आहे, आणि या सगळ्या गुणांमुळे सदाशिव पेठेच्या माजघरातही सामावेल अशी आहे. स्वीकाराची ही किंमत मला फार जबर वाटते.

त्याच १९७२च्या डिसेंबरात, याच पुण्यात, तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. पेशवाईचे दोन चेहरे एका वर्षात मराठीने पाहिले. तेंडुलकरांनी शहराला डिवचले, इनामदारांनी शहराला रडवले. डिवचणारे नाटक बंद पाडण्याचे प्रयत्न झाले, रडवणारी कादंबरी घरोघर गेली. पुढच्या पन्नास वर्षांत आपल्या ऐतिहासिक कलेने रडवण्याचा मार्ग निवडला, आणि मस्तानी त्या मार्गावर कायमची अडकली.

मग आशा कुठे आहे? मला ती संगीत रंगभूमीत दिसते, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. २०१५च्या नोव्हेंबरात, ‘बाजीराव मस्तानी’च्या महिनाभर आधी, सुबोध भावे यांचा ‘कट्यार काळजात घुसली’ लागला. ‘पिंगा’च्या गोंगाटात कोणाच्या ध्यानात आले नाही, पण श्रद्धा आणि अडवलेले प्रेम यांबद्दल जे भन्साळींच्या भव्य पटाला जमले नाही, ते या मराठी चित्रपटाने पुष्कळसे साधले होते. श्रेय मुळात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. १९६७मध्ये त्याच नावाच्या मूळ संगीत नाटकात त्यांनी खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले उभे केले, जितेंद्र अभिषेकींनी त्यांना सूर दिला आणि वसंतराव देशपांड्यांनी रंगमंचावर जिवंत केले. हा मुसलमान मराठी प्रेक्षकाची मनधरणी करीत नाही. तो अहंकारी आहे, मत्सरी आहे, घराण्याच्या अभिमानाने पेटलेला आहे आणि त्याच्या गळ्यात देव आहे. त्याचा खुदा त्याच्या रियाजात आहे. तो आपला धर्म समजावून सांगत बसत नाही, धर्माच्या रंगांवर भाषण देत नाही. तो गातो. आणि प्रेक्षक, ज्यांतल्या अनेकांनी घरी संध्याकाळी रामरक्षा म्हटलेली असते, त्या गाण्यापुढे मान लववतो.

त्याच घरात झरीना आहे. बापाच्या हवेलीत ब्राह्मणाचा मुलगा सदाशिव चोरून विद्या मिळवतो आहे, हे तिला ठाऊक आहे, आणि तिच्या मनातली त्याची ओढ तिने कुठे नोंदवून ठेवलेली नाही. तिचे प्रेम सफल होत नाही. पण त्या प्रेमासाठी नाटककाराने तिला धुऊन पुसून घेतलेले नाही. ती खाँसाहेबांची मुलगीच राहते. हे नाटक युद्धाचे नाही, तरी त्याच्या मधोमध एक शस्त्र आहे, आणि माणसाला मारण्याचा हक्क देणारे ते शस्त्र सुरापुढे कसे निकामी ठरते, हे पाहताना मला रावेरखेडीची छावणी आठवते. दारव्हेकरांना जे उमगले ते हे: दुसऱ्याची श्रद्धा प्रेक्षकाला पटवून द्यावी लागत नाही, तिच्या सान्निध्यात त्याला बसवावे लागते.

रंगभूमीला हे उमगले, कारण तिच्या स्वतःच्या घरात ते घडले होते. किराण्याचे अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांनी समाजाला न जुमानता संसार केला. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुले. तो संसार पुढे तुटला, मुलांनी आईकडचे नाव लावले. पण या प्रेमातून जन्मलेला सूर पुण्याने डोक्यावर घेतला. हिराबाईंचे गाणे ऐकत पुण्याच्या पिढ्या वाढल्या. बालगंधर्व आणि गोहरबाई कर्नाटकी यांचे नाते लोकांना रुचले नाही, तरी ते काही लपून राहिले नाही. कानाने या शहराने जे स्वीकारले ते घराने स्वीकारले नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने आणि चित्रपटाने घराची बाजू घेतली, संगीत नाटकाने कानाची. माझा कौल उघड आहे.

मस्तानीची श्रद्धा नेमकी कोणती, असा प्रश्न कोणी विचारील. तो योग्य प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरात एक अख्खे महाकाव्य दडले आहे. छत्रसाल प्राणनाथांचे शिष्य होते. महामती प्राणनाथांचा प्रणामी पंथ कृष्णभक्तीचा, पण त्यांनी कुराणातही तेच सत्य वाचले आणि आपल्या वाणीत भागवत आणि कुराण यांना एकमेकांशेजारी बसवले. १६९४मध्ये पन्नाला त्यांनी देह ठेवला. गांधीजींच्या आई पुतळीबाई याच पंथातल्या घराण्यातल्या. प्रणामी मंदिरातले पुजारी गीता आणि कुराण दोन्ही वाचीत, ही आठवण गांधीजींनी सांगितली आहे. मस्तानीची आई मुसलमान आणि वडील छत्रसाल, ती स्वतः प्रणामी वातावरणात वाढलेली, असे बुंदेलखंडाची परंपरा मानते. म्हणजे कृष्ण आणि अल्ला ही तिच्यासाठी दोन दारे नसावीत. अशी स्त्री १७३०च्या आसपास पुण्यात येते. इथले शास्त्री तिला यवनी म्हणून मोकळे होतात. ज्या मनात दोन प्रार्थना नांदत होत्या, ते मन एका शिक्क्याखाली गाडले गेले. यापेक्षा मोठे नाट्य कुठल्या लेखकाला हवे आहे?

आणि आपले लेखक या धनाचे काय करतात? त्यातला कृष्ण तेवढा उचलतात. भन्साळींच्या चित्रपटात मस्तानी छत्रसालाच्या दरबारात राधा-कृष्णाच्या गाण्यावर नाचते आणि प्रेक्षकाच्या मनातला शेवटचा संकोच गळून पडतो. कृष्ण असल्यामुळे ती आपली होते. दुसरी प्रार्थना दृष्टिआड राहते. अर्धी श्रद्धा दाखवून दिलेला हा स्वीकार मला अपमानासारखा वाटतो. बाजीरावांनी तिला अर्धी स्वीकारली नव्हती.

पुरावा कुठे आहे, असे विचारले जाईल. सरदेसायांनी ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ खंडांत छापले. त्यांत कूच-मुक्काम आहेत, कर्जे आहेत, हुंड्या आहेत, रुसवेफुगवे आहेत. मस्तानी त्यांत तुरळक भेटते, तीही बहुधा घरच्यांच्या काळजीचा विषय म्हणून. तिचे म्हणावे असे एकही विश्वसनीय समकालीन चित्र नाही. तिचा मृत्यू कसा झाला याचा निर्विवाद कागद नाही. तरीही विडा खाल्ला की तिच्या गळ्यातून उतरणारा रस दिसे, ही कथा प्रत्येकाने छापली. त्या कथेचा पुरावा कोणी मागितला? जिथे कागद थांबतो तिथे आमचा कादंबरीकार बेधडक शृंगार भरतो, आणि प्रार्थना भरायची वेळ आली की इतिहासनिष्ठ होतो. ही इतिहासनिष्ठा नाही, भीती आहे. कातडीचा रंग कल्पनेने रंगवता येतो, तर गुडघे टेकून बसलेली बाई कल्पनेने का रंगवता येत नाही?

मी हे बुधवार पेठेत बसून लिहितो आहे. गॅझेटियर सांगते की ही वस्ती औरंगजेबाच्या मुक्कामात, १७०३च्या सुमारास वसली, आणि पेशवाईत तिला वाराचे नाव मिळाले. इथून चालत शनिवारवाड्याकडे निघालो तर कसब्याच्या हद्दीत थोरल्या आणि धाकट्या शेख सल्ल्यांचे दर्गे आहेत, अलीकडे जोगेश्वरी आहे. भिडे वाड्याची जागा इथेच, जिथे १८४८मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली आणि धर्म बुडाला म्हणून हाकाटी झाली. त्या दांपत्यावरचा ‘फुले’ चित्रपट २०२५च्या एप्रिलमध्ये आक्षेपांमुळे दोन आठवडे लांबला. श्रद्धेवरून झालेली सगळी भांडणे या पेठांनी पाहिली आहेत, सगळी सरमिसळही पाहिली आहे. आणि या शहराने मस्तानीची आठवण कशी ठेवली? वाड्याच्या एका दरवाजाला नाव दिले, कोथरूडच्या महालाचे अवशेष केळकर संग्रहालयात मांडले, आणि आइस्क्रीम घातलेल्या एका पेयाला तिचे नाव दिले. जिची लाज वाटली तिला गोड करून पिऊन टाकले.

२०२५च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात काही मुस्लिम स्त्रियांनी नमाज पढल्याची चित्रफीत पसरली. पाठोपाठ आंदोलन झाले आणि ती जागा गोमूत्र शिंपडून शुद्ध करण्यात आली. संरक्षित वास्तूत कोणी काय करावे याचे नियम आहेत, ते सर्वांना सारखे लावावेत, त्याबद्दल माझा वाद नाही. पण शुद्धी? पेशव्यांच्या हयातीत त्या वाड्यात मस्तानीचा महाल होता. तिथे तिने आपल्या देवाला हाक मारली नसेल का? बाजीरावांच्या कानांवर ती पडली नसेल का? तीनशे वर्षांनंतर आपण त्या वाड्याला अशी हाक पहिल्यांदाच ऐकू आल्यासारखे दचकलो, याला राजकारण जबाबदार आहेच, पण कलाही जबाबदार आहे. ज्या समाजाने एका तरी कादंबरीत, नाटकात, चित्रपटात मस्तानीला त्या भिंतींमध्ये प्रार्थना करताना पाहिले असते, तो समाज इतक्या सहज शिंपडायला निघाला नसता. कलेने ही जागा मोकळी सोडली, म्हणून तिथे दुसरे लोक आले.

म्हणून मराठी लेखकांकडे आणि दिग्दर्शकांकडे माझे मागणे आहे. आरसे पुरे झाले. छावणी लिहा. पालाखालच्या मध्यरात्री लिहा, ओल्या चाऱ्याचा वास लिहा, दुसऱ्या दिवशी कोण जिवंत राहील हे माहीत नसताना दोन माणसे आपापल्या देवाशी काय बोलतात ते लिहा. मस्तानीची प्रार्थना लिहा, पूर्ण लिहा, क्षमा न मागता लिहा.

आणि काशीबाई लिहा. आजवर तिच्या पदरात फक्त डोळ्यांतले पाणी टाकले गेले. १७४०मध्ये सहा वर्षांचे पोर मागे राहिले. बाजीरावांनी त्याला कृष्णराव म्हणावे असे मनात धरले होते, ब्राह्मणांनी मुंज नाकारली, तो समशेर बहाद्दर झाला. काशीबाईंनी त्याला पोटाशी धरून वाढवले, असे सांगितले जाते. या बाई स्वतः धर्मनिष्ठ होत्या. चासला, आपल्या माहेरच्या गावी, त्यांनी सोमेश्वराचे देऊळ बांधले. शिवाची पिंडी आणि सवतीचे यवन ठरवलेले मूल, दोन्ही जिने एका मनात सांभाळले, तिच्या श्रद्धेला मी राधाबाईंच्या श्रद्धेपेक्षा मोठी मानतो. त्या मुलाला पेशव्यांच्या फौजेत जागा मिळाली, पंगतीत मिळाली नाही. १७६१मध्ये तो पानिपतावर लढला, जखमी होऊन सुरजमल जाटाच्या मुलखात डीगला पोचला आणि सत्ताविसाव्या वर्षी मेला. ज्यांनी त्याला जानवे नाकारले त्यांच्या राज्यासाठी मेला. त्याच्या वंशात बांद्याची नबाबी झाली, आणि १८५७मध्ये त्या घराण्यातला अली बहाद्दर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. एका निषिद्ध प्रेमातून एवढा इतिहास वाहिला आहे.

हे सगळे मराठीत लिहायचे राहिले आहे. ते लिहिले की निदर्शने होतील, खेळ बंद पडतील, आणि या वेळी कारण नाच असणार नाही. ते होऊ द्यावे. ‘घाशीराम’ त्यातून गेले आणि उरले. ज्या लेखकाला बाजीरावाचे शौर्य प्रिय आहे, त्याने त्यातले निदान एवढे तरी घ्यावे: घराने, जातीने आणि शास्त्र्यांनी नकार दिला असतानाही पहिल्या बाजीरावाने या बाईचा हात सोडला नव्हता. त्याचे चरित्र लिहिणाऱ्याने तो सोडायचा, हे मला मान्य नाही.